बारा व्होल्टवाले काका

सोसायटीत नवी गाडी आली की पेढा आधी देवापुढे आणि मग बारा व्होल्टवाल्या काकांना. नाही दिला तरी ते खाली उतरतातच. बाकीचे रंग बघतात, ॲव्हरेज विचारतात. काका दार उघडून वाकतात आणि लायटरच्या सॉकेटमध्ये मल्टीमीटरच्या पिना खुपसतात. "१२.६. तब्येत बरी आहे. आता सेल्फ मार." सेल्फ मारला की आकडा दहाच्या आसपास गडगडतो आणि इंजिन सुरू झालं की १४ वर चढून बसतो. काका मालकाकडे वळतात. "बघितलंस? आणि याला तू फोन लावणार!"

गाडीची वीज १२ व्होल्टची असते, हे काकांच्या मते फक्त परीक्षेत लिहायचं असतं. डायनॅमो जोरात चार्ज करत असताना बॅटरीची क्लँप निसटली, तर क्षणभर त्याच तारांमध्ये शंभराच्या घरातही व्होल्टेज उसळू शकतं. हे ते पेढा तोंडात असतानाच सांगतात. मालक बिचारा अजून हप्त्यांच्या धक्क्यातून सावरलेला नसतो.

आणि फोनला हवेत किती? पाच. या पाचांसाठी काकांनी आयुष्य वेचलंय. भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, तेव्हा ७८०५ नावाच्या तीन पायांच्या आयसीवर त्यांनी गाडीसाठी पहिला चार्जर बनवला. पाच व्होल्ट अगदी चोख मिळायचे, पण वरचे नऊ तो आयसी नुसता तापून संपवायचा. एक अँपिअर घेतला की नऊ वॅट उष्णता. काकू आजही म्हणतात, त्या डबीवर पापड भाजून झाला असता. मग तपकीर गल्लीत बक कन्व्हर्टर मिळायला लागले. हे सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात, कॉइल आणि कपॅसिटर ती सपाट करतात आणि डबी जेमतेम कोमट होते. तो दिवस काकांच्या घरी सणासारखा साजरा झाला असणार. काकू त्याविषयी बोलत नाहीत.

सिग्नलला मिळणारे स्वस्त चार्जर हे काकांचं खास खाद्य. कुणी आणला की ते एफएमवर एखादं लांबचं, क्षीण स्टेशन लावतात आणि चार्जर सॉकेटमध्ये खोचतात. रेडिओ खरखरला की चार्जर नापास. नापास चार्जर चाकूने उघडून, आत काय काय नाही हे दाखवून, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जमा होतो. परत मागायची सोय नाही. पास झालेला चार्जर मी तरी पाहिलेला नाही.

पण त्यांचं खरं युद्ध डॅशकॅमशी. दुकानातला पोरगा दातांनी वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून देतो. पुण्याच्या एका उन्हाळ्यात त्या टेपचा चिकट पाक होतो. काका ते सगळं उपसून काढतात आणि फ्यूज टॅप लावतात. "फ्यूज कॅमेऱ्यासाठी नसतो रे, वायरीसाठी असतो. वायर जळली की गाडी जळते." इथपर्यंत मालक मान डोलावतो. मग काका अर्थिंगसाठी पॉलिश पेपर घेऊन नव्या कोऱ्या गाडीच्या पत्र्यावरचा रंग घासायला लागतात. त्या क्षणी मालकाच्या बायकोचा चेहरा बघावा.

तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी मात्र ऐकलं नव्हतं. कॅमेरा रात्रंदिवस चालू ठेवून ते रेल्वेने सांगलीला लग्नाला गेले. कॅमेरा खातो पाव अँपिअर, म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी साधारण पस्तीसची. आठवड्याने परत आले, तर किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक. आम्ही चौघे धक्का मारत होतो आणि काका शेजारून चालत हा हिशेब सांगत होते. हात लावायचा त्यांचा प्रश्नच नव्हता, एका हातात मीटर होता आणि दुसरा समजावण्यात गुंतलेला. "१२ व्होल्टच्या खाली आलं की कॅमेरा तोडणारी डबी मिळते," ते म्हणाले, "पण लोकांना ॲलॉय व्हील हवीत."

स्वतः काकांच्या गाडीत सहा सॉकेट आहेत. प्रत्येकाला वेगळा फ्यूज आणि प्रत्येक वायरीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. वर्षानुवर्षांत एकही चार्जर हलला नाही की तापला नाही. याचं एक कारण असं, की डॅशबोर्ड बहुतेक वेळा उघडा असतो आणि काकू मंडईला रिक्षाने जातात. "गाडीत माणसं दोन आणि भोकं सहा," त्या म्हणतात. काका यावर वाद घालत नाहीत. दोन भोकं स्पेअर आहेत एवढंच सांगतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेढे घेऊन आला आणि जरा जोरातच म्हणाला, "काका, आता सेल्फ नाही, डायनॅमो नाही. तीनशेहून जास्त व्होल्टची बॅटरी आहे. तुमचं मीटर ठेवून द्या."

काका काहीच बोलले नाहीत. पेढा खाल्ला, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "बॉनेट उघड."

आत एका कोपऱ्यात नेहमीची, ओळखीची, काळी चौकोनी बॅटरी बसली होती. काकांनी पिना लावल्या. १२.६.

"ही कशाला?" पुतण्या.

"दिवे, कुलपं, हॉर्न, तुझा तो भलामोठा स्क्रीन, सगळं हिच्यावर. ही उतरली तर तुझे तीनशे व्होल्ट जागे करणारं कुणी नाही. नुसतं दार उघडायची पंचाईत." काका आणखी वाकले. "हिला चार्ज कोण करतं?"

"मोठ्या बॅटरीवरून... डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो म्हणे."

काकांनी डोकं बाहेर काढलं. एवढे खूश मी त्यांना नातवाच्या बारशालाही पाहिले नव्हते.

"म्हणजे जास्त व्होल्टचे कमी करणारी आपलीच डबी की!" ते म्हणाले आणि वर गॅलरीकडे बघून ओरडले, "अहो, पॉलिश पेपर टाका खाली!"