समन्वय असावा तर असा

संस्था एकत्र आल्या की समाजात कायमचा बदल घडतो, असे व्याख्याते सांगतात आणि उदाहरण विचारले की थेट आदर्शगाव हिवरे बाजारची गाडी पकडतात. रत्नागिरीकरांनी एवढ्या लांब जायचे कारण नाही. मिरकरवाडा बंदराच्या जेटीवर तासभर उभे राहिले तरी पुरे. हातात हात घालून काम करणाऱ्या इतक्या संस्था एका जागी क्वचितच पाहायला मिळतील.

आधी सरकारी बाजू. सागरी मासेमारी नियमनाचा राज्याचा कायदा 1981 चा आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालयही त्याच वर्षीचे. म्हणजे नियम आणि ज्ञान ही जुळी भावंडे. पुढे फेब्रुवारी 2016 मध्ये राज्याने आपल्या हद्दीत पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढेच दिवस ठरवून दिले आणि परवाने हळूहळू 182 वर आणायचे म्हटले. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. एवढे सगळे कागदावर असताना आपण कशात मागे आहोत, असे कोणी म्हणू शकणार नाही.

त्यातही कौतुक करावे ते हद्दीच्या आदराचे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल राज्याचे, त्यापुढचे केंद्राचे. दिवा आत पेटला तर एकाची जबाबदारी, बाहेर पेटला तर दुसऱ्याची. रात्री ही रेषा दिव्याशिवाय दिसत नाही आणि दिव्याला तर बंदी आहे. अशा वेळी कुणी घाईने दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकत नाही, ही आपल्या प्रशासनाची खानदानी शिस्त आहे. 2021 पर्यंत समुद्रातल्या गुन्ह्याचा निवाडा तहसीलदारांपुढे होई. सातबाऱ्यावर नसलेल्या जागेचा निवाडा करायला त्यांच्याइतका तटस्थ माणूस कुठे मिळणार?

आता खरी भागीदारी पाहा. जनरेटर आणि दिव्यांची माळ घेऊन एक बोट काळोखात उभी राहते. उजेडाला भुलून तारली, बांगडा, म्हाकूल वर येतात आणि गोळा होतात. मग दुसरी बोट येऊन भोवती जाळे टाकते, तळातली दोरी आवळते, की बटव्याचे तोंड बंद. लाईटवाल्याचा हिस्सा ठरलेला, जाळेवाल्याचा ठरलेला. खलाशी नेपाळहून आलेला, बर्फ कारखान्यातला, डिझेल पंपावरचे. पहाटे माल उतरतो तेव्हा टोपलीतला बांगडा कधी कधी बोटाएवढाच असतो. तोही वाया जात नाही, फिशमीलची गाडी उभीच असते. या साखळीत कुणी कुणाला पत्र लिहीत नाही, इतिवृत्त मंजूर करत नाही. बैठक नाही, चहा नाही, तरी सगळे वेळेवर. सामाजिक संस्थांनी इथे प्रशिक्षणाला माणसे धाडावीत, असे आम्हाला मनापासून वाटते.

गिलनेटवाले आणि रापणकर हे पारंपरिक मच्छीमार मात्र कुरकुर करतात. त्यांचे म्हणणे असे, की डिसेंबरनंतर पर्ससीनची जाळी बारा मैलांबाहेर जातात ती कागदावर, समुद्रात नाही. पण या मंडळींचेही योगदान विसरून चालणार नाही. ते निवेदने देतात, मोर्चे काढतात, उपोषणाला बसतात. त्यामुळे कार्यालयांना काम राहते, आणि 'प्रकरण विचाराधीन आहे' हे वाक्य मराठीत जिवंत राहते.

सरकार मनावर घेतच नाही, हा आरोपही अन्यायाचा. जानेवारी 2025 मध्ये ड्रोनची नजर सुरू झाली. ड्रोन ठेवलेल्या ठिकाणांच्या यादीत मिरकरवाडा आहे आणि साखरी नाटेही. आकाशातून बोट दिसणार. दिसलेल्या बोटीपर्यंत पोहोचायला गस्ती नौका लागते, पण तो विषय वेगळा, निविदाही वेगळी. त्याच महिन्यात मिरकरवाडा बंदरातली अतिक्रमणे हटली. मत्स्य विभाग, पोलीस, जेसीबी सगळे एकाच सकाळी हजर. त्यावरून संस्था एकत्र येऊ शकत नाहीत, हा गैरसमज तरी दूर झाला. येतात, अगदी वेळेवर येतात. फक्त हटवायची वस्तू जमिनीवर हवी, हलती नको आणि तिला इंजिन नको.

राहिला प्रश्न कायमच्या बदलाचा. तो घडला आहे. पावसाळ्यात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासा निवांत अंडी घालतो, त्यासाठी बंदी पाळली जाते. त्यातून निघालेली पिल्ले मोठी व्हायच्या आत लाईटखाली येतात. चक्र पूर्ण. पापलेटला तर 2023 मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला आणि तो राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल यांच्या पंगतीला जाऊन बसला. शेकरू बहुतेकांनी चित्रातच पाहिले आहे, तेव्हा पापलेटानेही लवकरच त्या रांगेत यावे यात अप्रतिष्ठा काही नाही. बाजारात त्याचा भाव विचारला की तो मानाचा आहे हे लगेच पटते.

आमची एकच नम्र सूचना आहे. सर्व संबंधितांची संयुक्त समन्वय समिती नेमावी आणि तिची पहिली बैठक जून-जुलैत ठेवावी. तेव्हा बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, त्यामुळे कुणाच्याच कामाचा खोळंबा होणार नाही.