झाडं पाहाले चाल्लो

(मंचावर एक खुर्ची. तिच्या पाठीला पाटी टांगलेली: 'मधुका लाँगिफोलिया'. नट पाटी वाचायला जातो, अर्ध्यात सोडून देतो.)

आरमोरीच्या एका घराला पुण्याचा जावई आहे. भला माणूस. फक्त सासुरवाडीला आला की मोबाइल आभाळाकडे धरून अंगणात फिरतो आणि दर वेळी विचारतो, "इकडे बघण्यासारखं काय आहे?" अख्खा गडचिरोली जिल्हा जंगलात उभा, आणि याला बघायला काही नाही!

यंदा एप्रिलात त्यानेच शोध लावला. चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावर विसापूरला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाचं वनस्पती उद्यान आहे. सहकुटुंब जायचं.

(आजीचा आवाज, हात कानाशी.)
"काय पाहाले?"
"झाडं, आजी."
"कोनाची?"

पहाटे पाचला गाडी निघाली. गडचिरोली, सावली, मूल... दोन्ही बाजूंनी सागवान पळतंय आणि झाडं बघायला निघालेला जावई घोरतोय. फाटकावर तिकीट काढताना आजी थबकली. "वडशाच्या नाटकाचं तिकीट काढलं का सकारपर्यंत रडू येते, हासू येते, मंधात लावनी बी येते. हे झाड काय करून दाखवते जी?"

आत तेंदू भेटला. जावई 'डायोस्पायरॉस' फोडून वाचेपर्यंत आजीने पानं मोजून टाकली. ७० पानांचा एक पुडा. "चार पुडे निंगतीन. पर छाटलंच नाई यायनं. पान जून झालं, बिडीले कोन घेते?"

मग मोह आला, आणि आजी गप्प झाली.

मोहफुलाच्या दिवसांत ती अंधारातच टोपली घेऊन निघते. फुलं वेचायची तर वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले हत्तीही आहेत. आजीच्या सोबतीला चौघी असायच्या, आता तिघी असतात. चौथीची टोपली तिच्या सुनेने आढ्यावरून अजून खाली काढलेली नाही.

(नट थांबतो. अचानक शिट्टी.)

आजी झाडाखाली उकिडवी! पदर अर्धा भरलेला! रखवालदार धावत आला. "आजी, पाटी दिसत नाई का? फुलं तोडू नये!"

"तोडते कोन जी? मोहाचं फूल जल्मात कोनी तोडलं का? ते रातभर आपल्या मनानं पडते. 'तोडू नोका' लिवलं आहे. 'वेचू नोका' कोठी लिवलं, दाखव!"

रखवालदाराने पाटी पुढून वाचली, मागून पाहिली. "कोन्या गावच्या जी तुमी?"
"आरमोरी."
"माई मावशी वैरागडची."

झालं! मावशीची सासू, सासूची जाऊ, जावेची सोयरीक... दोघं वंशावळीत शिरणार, तेवढ्यात काडकन आवाज. सेल्फीसाठी ज्या फांदीला जावई लोंबकळत होता, ती त्याच्या हातात आली होती.

(आजी, शांतपणे.) "यायले म्हंतेत तोडनं."

परतीच्या वाटेवर दंडाची पावती खिशात घालून जावयाने विचारलं, "या फुलांचं नेमकं करतात काय?" गाडीत सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे.

"लाडू करतेत, जवाईबापू," आजी म्हणाली. "लाडूच."

(नट खुर्चीमागून डबा काढतो.) मध्यंतरात बाहेर मिळतील. पैसे आजीजवळ द्यावे, सुटे.