युजरसर

दारावर ‘ढकला’ असं लिहिलेलं असूनही आपण ते ओढतो. ते हलत नाही. मग ढकलतो आणि कुणी पाहिलं तर नाही ना, अशी एक चोरटी नजर टाकून आत शिरतो. दादरला बँकेत, दवाखान्यात, साड्यांच्या दुकानात हे रोज चाललेलं असतं. युजरसर मात्र आत शिरतच नाहीत. दाराशी उभे राहून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघतात. तो ओढतो. सर खूश. त्याच्यामागची बाई ओढते. सर आणखी खूश. तोवर त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, साडी निवडून, घासाघीस करून, पिशवी घेऊन निघालेल्या असतात आणि आतून तेच दार ढकलत असतात. सर काचेपलीकडून बोट दाखवून म्हणतात, “बघितलंस? तूसुद्धा!” त्या दिवशी लालबागपर्यंत टॅक्सीत कुणी बोलत नाही.

परळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सर कॉम्प्युटरच्या मुलांना ‘ह्यूमन मशीन इंटरॅक्शन’ शिकवतात. माणसाचं आणि यंत्राचं कुठे जमतं, कुठे अडतं आणि पडद्यावर काय, कुठे, केवढं ठेवलं म्हणजे अडणार नाही, असा हा विषय. मुलं त्याला एचएमआय म्हणतात आणि आदल्या रात्री वाचून सुटेल म्हणून घेतात. माझा भाचा तसाच गेला. पहिल्याच तासाला सरांनी त्याला उठवलं आणि म्हणाले, “मागचा उजवीकडचा पंखा लाव.” बोर्डावर बारा बटणं. भाच्याने एक दाबलं, पुढचे दिवे गेले. दुसरं दाबलं, प्रोजेक्टर गेला. तिसऱ्याला डावीकडचा पंखा सुरू झाला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीचे कागद उडाले. वर्ग खो खो हसला. सरांनी विचारलं, “चूक कुणाची?” वर्ग एका सुरात ओरडला, “ह्याची!”

“चूक! बोर्डाची.”

इथून पुढे वर्षभर तो मंत्रच झाला. सरांनी म्हणायचं, “चूक कुणाची?” पोरांनी म्हणायचं, “डिझाइनची!” आठवडाभरात पोरांनी तो मंत्र सरांवरच फिरवला. एक जण अर्धा तास उशिरा आला आणि दारातूनच म्हणाला, “सर, चूक माझी नाही, टाइमटेबलच्या डिझाइनची.” दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं. सर विचारात पडले. म्हणाले, “मुद्दा आहे.” त्याला हजेरी मिळाली, शिवाय टाइमटेबल नीट कसं मांडावं यावर दोन पानं लिहून आणायचं काम मिळालं. पुढच्या वेळेपासून तो पोरगा दहा मिनिटं आधी यायला लागला.

या सगळ्याचं मूळ डॉन नॉर्मन या अमेरिकन प्राध्यापकाच्या १९८८ सालच्या पुस्तकात आहे. दारं, नळ, शेगड्या, स्विच यांच्यापुढे माणूस चुकतो तेव्हा तो बावळट नसतो, ती वस्तूच नीट सांगत नसते, हे त्यांनी पुस्तकभर दाखवलं. ढकलायचं की ओढायचं ते कळू न देणाऱ्या दाराला आता जगभर ‘नॉर्मन डोअर’ म्हणतात. सरांची ती प्रत सुटी सुटी झाली आहे आणि रबरबँड लावून ठेवली आहे. माणसांच्या बाबतीत सरांइतका क्षमाशील माणूस मी पाहिलेला नाही. वस्तूंना मात्र क्षमा नाही. नातेवाइकांकडे जेवायला गेले तरी हात धुताना बेसिनपाशी पाच मिनिटं लागतात, कारण गरम पाण्यासाठी नळ कुठे फिरवायचा ते कळत नाही आणि यजमान सांगायला आले तर सर त्यांना सांगू देत नाहीत.

हा सरांचा सगळ्यात तापदायक नियम: मध्ये बोलायचं नाही. माणूस अडला की तो कुठे, कसा, किती वेळ अडतो हे बघायचं. आपण मदत केली की पुरावा गेला. बँकेत पासबुक छापायचं मशीन आलं तेव्हा सर सुट्टी घेऊन तिथे उभे होते. एक पेन्शनर काका पासबुक घालतायत, मशीन ते परत बाहेर टाकतंय. काकांनी ते उलटं घातलं. बाहेर. शर्टाला पुसून घातलं. बाहेर. मागे रांग वाढतेय, लोक ‘अहो काका’ करायला लागलेत आणि ज्याला सगळं माहीत आहे तो एकटा माणूस हाताची घडी घालून शांतपणे बघतोय. शेवटी वॉचमनने येऊन बारकोडचं पान वर करून दिलं. सर त्या वॉचमनवरच नाराज. “अजून दोन मिनिटं थांबायला हवं होतं. ते चौथ्यांदा काय करणार होते ते आता कधीच कळणार नाही.”

हाच प्रयोग त्यांनी घरी नव्या वॉशिंग मशीनवर केला. मशीन टुंग टुंग करतंय, वहिनी एकेक बटण दाबतायत, सर वही घेऊन स्टुलावर, ‘काय वाटतं ते मोठ्याने बोल’ म्हणत. वहिनी म्हणाल्या, “मागे बादलीत कपडे आहेत, ते घ्या आणि पिळा. आणि काय वाटतं ते मोठ्याने बोला.” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर विषयाची परिभाषा बायकोलाही येतेच. सरांच्या स्वतःच्या हॉलमधल्या बोर्डाची गोष्ट तर सांगण्यासारखी नाही. तिथे त्यांनी छोटे स्टिकर लावले होते, पंख्याला पंख्याचं चित्र, दिव्याला दिव्याचं. दिवाळीच्या रंगकामात ते गेले. वहिनी अंधारात पाठमोऱ्या हात मागे करून बरोबर बटण दाबतात. सर अजून आधी ट्यूबलाइट घालवतात, मग पंखा लावतात.

आमची आणि सरांची लालबागची चाळ पडून टॉवर झाला. तेव्हा जन्मभर जिने चढलेल्या माणसांच्या हाती एकदम लिफ्ट आली. लिफ्टच्या दाराशी वर जायचं एक बटण आणि खाली जायचं एक. पहिल्या आठवड्यात सर तळमजल्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. वॉचमनला वाटलं, बिल्डरचा माणूस. सरांनी टिपलं ते असं: वर जायचं असलेली निम्मी म्हातारी माणसं खालचं बटण दाबत होती. आम्ही हसलो. सरांनी खालच्या बटणाकडे हात गेलेल्या एका आजोबांना नम्रपणे कारण विचारलं. आजोबा म्हणाले, “मी खाली आहे. लिफ्ट वर आहे. तिला खाली बोलवायला नको?” सर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी आजोबांचा हात हातात घेतला. तेव्हापासून प्रत्येक बॅचला मेंटल मॉडेल म्हणजे काय ते शिकवताना आमचे आजोबा येतात. बटण दाबणाऱ्याच्या डोक्यात यंत्राचं एक चित्र असतं, बनवणाऱ्याच्या डोक्यात दुसरं, आणि लिफ्ट तिसऱ्याच मजल्यावर थांबते.

सहलीला सर मुलांना दादर स्टेशनवर नेतात. तिकडची मुख्य गोष्ट २०२३ ची. तोवर पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासून सुरू व्हायचे. ‘दादरला चार नंबरवर भेट’ म्हटलं की बोलावणारा एका चारवर, येणारा दुसऱ्या चारवर आणि मध्ये तो पूल नि पुलावरचं सगळं गाव. त्या वर्षी ९ डिसेंबरला पश्चिमेचे एक ते सात तसेच ठेवून मध्यचे आठ ते चौदा केले. सर त्या दिवशी सकाळीच पुलावर हजर. नवे ठसठशीत फलक, तरी लोक चहावाल्याला विचारत होते, “नवा दहा म्हणजे जुना चार ना?” सर मुलांना म्हणाले, “फलक एका रात्रीत बदलला. आता लोकांच्या डोक्यातला कधी बदलतो ते बघा, आणि तोवर चहावाल्याचा फलक म्हणून उपयोग होतोय ते लिहून घ्या.” मग बायकांचा डबा कुठे येणार ते सांगणारे फलाटावरचे रंगीत तिरके पट्टे दाखवले. त्यांच्याखाली गाडी यायच्या आधीच बायका येऊन उभ्या असतात, एक अक्षर न वाचता. सरांना असं काही नीट केलेलं दिसलं की त्यांचा आवाज जड होतो.

त्यांच्या आवडीच्या गोष्टी अशाच विचित्र जागी आहेत. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलं की नेम धरायची जागा जितकी जवळ आणि जितकी मोठी, तितका हात तिथे लवकर पोचतो. पडद्यावरची बटणं अजून त्या हिशोबाने ठेवतात. सर हे बेस्टच्या जुन्या बसमधल्या घंटीच्या दोरीवरून शिकवतात. बटण असतं तर कंडक्टरला गर्दीतून बटणापर्यंत जावं लागलं असतं. दोरी बसभर. जिथे उभा असेल तिथे हात वर, टण टण, डबल बेल, गाडी चालू. “नेम चुकूच शकत नाही,” असं सांगताना सर स्वतः वर्गात हात वर करून दोरी ओढतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी इमानदारीने ‘टण टण’ म्हणतं.

मतदानाच्या दिवशी मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये. सगळे विचारतात, कुणाला दिलंत. सर सांगतात, निळं बटण दाबलं, लाल दिवा लागला, शेजारच्या खिडकीत चिठ्ठी सात सेकंद दिसली, लांब पीप वाजली. “सांगितलं, ऐकलं, दाखवलं. याला म्हणतात फीडबॅक!” ते ईव्हीएमचं रूप ठरवण्यात पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या शिक्षकांचा हात होता, हे ते प्रत्येक निवडणुकीला, शाई लागलेलं बोट वर धरून सांगतात. त्याच सेंटरमध्ये ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड तयार झाला. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती बाराखडी उमलते. सरांनी तो आईच्या फोनवर मोठ्या हौसेने घालून दिला. आई व्हॉइस मेसेज पाठवते.

२०२० साली सावरकर मार्गावरच्या सिग्नलमधल्या माणसाला झगा आला, म्हणजे चालणाऱ्यांच्या सिग्नलवर बाईची आकृती आली, तेव्हा सरांना आनंद झालाच. पण तिथे उभं राहून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की दादरकर सिग्नलकडे बघतच नाही, टॅक्सीवाल्याच्या डोळ्यांत बघतो आणि पाऊल टाकतो. मला तो पटला.

आता आमच्या टॉवरमधल्या आजींचा किस्सा, कारण तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं की पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. पोरांना हा नियम फार आवडतो, पाच आकडा छोटा म्हणून. ती कँटीनमधले पाच मित्र धरतात आणि पाचही जण ‘भारी आहे’ म्हणतात. सर अशा वहीवर लाल रेघ मारून मुलांना आमच्या टॉवरमध्ये घेऊन येतात.

भाचा सरांकडे शिकत होता त्या वर्षी मुलांनी मंडळाची वर्गणी भरायचं अ‍ॅप केलं होतं. केलं म्हणजे कागदावर. पानापानावर पेन्सिलीने पडदे काढलेले. आजींनी कागदातलं बटण दाबायचं आणि माझ्या भाच्याने कॉम्प्युटर होऊन पुढचा कागद ठेवायचा. कॉम्प्युटरने बोलायचं नाही. आजींना एवढंच सांगितलं, मनात येईल ते मोठ्याने बोला. हे आमच्या आजींना सांगायची गरज नव्हती.

आजींनी ‘सुरू करा’वर बोट ठेवलं. कॉम्प्युटरला कागद सापडेना. “ह्याला रेंज नाही वाटतं,” आजी म्हणाल्या. कागद आला. त्यावर नाव, मजला, खोली विचारलेली. आजी भडकल्या. “वर्गणी मागायला आलास आणि नाव माहीत नाही? मेल्या, तुझ्या बापाला मी अंगाखांद्यावर खेळवलंय!” कॉम्प्युटरने मान खाली घातली. शेवटच्या पानावर ‘रद्द करा’ लाल आणि मोठं होतं, ‘पैसे भरा’ करड्या रंगात बारीक. आजींनी लाल दाबलं. का, तर “मोठं तेच मुख्य असणार, गणपतीचं काम आहे.” इतकी उठाठेव करून वर्गणी रद्द झाली. आजींनी कनवटीची नोट काढून कॉम्प्युटरच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “पावती आण.”

बाकीचे आम्ही डोळ्यांतलं पाणी पुसत होतो. सर भरभर लिहीत होते. जे आपल्याला माहीत आहे ते विचारू नये. मंडळाच्या यादीत नाव असतं, ते आधीच भरलेलं दिसावं. पैसे गेले की पावती लगेच. आणि लाल बटणाला तीन उद्गारचिन्हं. पुढच्या आठवड्यात मुलं नवे कागद घेऊन आली, तेव्हा पहिल्याच पानावर आजींचं नाव छापलेलं होतं. आजींनी ते वाचलं आणि शेजारणीला दाखवलं.

सरांची मुलं आता कुठे कुठे आहेत. भाचा पैसे पाठवायच्या एका अ‍ॅपवर काम करतो. रात्री साडेदहाला सरांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “अरे, तुमचं बाहेर पडायचं बटण कुठे लपवलंय? मी आणि ही पाऊण तास शोधतोय. चूक कुणाची?”

भाचा म्हणतो, “डिझाइनची, सर. पण तुम्ही दोघंच झालात. अजून तिघांचे फोन येऊ देत, मग बघतो.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग सरांचा आवाज येतो, फोन बाजूला धरून मारलेली हाक: “अगं, आजी झोपल्या का बघ गं!”