उघडलंच आहे तर...

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर परवा सूचना लागली : 'पार्किंग क्र. १४ मधील झाकून ठेवलेली वस्तू संबंधितांनी आठ दिवसांत हलवावी. तिच्याखाली मांजर व्यायले आहे.'

'वस्तू' ह्या शब्दाचा मला राग यायला हवा होता. दोन वर्षांपूर्वी आलाही असता. तेव्हा मी चिटणिसांना जिन्यात गाठून १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, कुर्ल्याचा कारखाना आणि वालचंद हिराचंद अशी वीस मिनिटं ऐकवली असती. परवा मी 'व्यायले'मधला य नीट जोडलाय ना, एवढं पाहिलं आणि मेथीची जुडी घेऊन वर गेलो. दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं, की आपली हौस संपली.

रोगाची तारीख मात्र मला नक्की सांगता येते. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ ला काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. त्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. ज्यांनी टॅक्सीवाल्याशी आयुष्यभर सुट्ट्या पैशांवरून भांडण काढलं, तेही हळवे झाले. मीही एक लेख लिहिला. वडिलांची फियाट, खंडाळ्याच्या घाटात पेट्रोल पंपावर टाकलेलं ओलं फडकं, पुढच्या सलग सीटवर बाबा, आई आणि मधे मी. छापून आल्यावर वाचला आणि मला गहिवरून आलं. स्वतःच्या लेखाला बळी पडलेला मी पहिलाच सदरलेखक नसेन, पण सगळ्यात महागात पडलेला नक्की असेन. तीन आठवड्यांत मी साताऱ्याकडची एक १९८६ची पद्मिनी सत्तर हजारांना घेतली.

'डॉक्टरांची गाडी आहे,' दलाल म्हणाला होता. जुन्या बाजारातली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते. राज्यात खरोखर इतके डॉक्टर असते तर खेड्यातली आरोग्य केंद्रं कुलपं लावून बसली नसती. आमचे डॉक्टर खरे निघाले, पण गुरांचे. मागच्या सीटची अवस्था पाहता काही पेशंट त्यांनी घरपोच सोडले असावेत.

गाडी पुण्यात टेम्पोतून आली. तेव्हाच शहाणं व्हायचं, पण मी त्यातही थाट पाहिला. १९७४ पर्यंत हिचं नाव प्रेसिडेंट होतं, मग पद्मिनी झालं. राष्ट्राध्यक्ष एक वेळ चालत येईल. राणी येते ती पालखीतच.

मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, गाडी सोन्यासारखी आहे. फक्त क्लच प्लेट गेलीय."

खर्चाचा अंदाज चाळीस हजार. त्यात गाडी नवरीसारखी होणार होती. आता थोडं तांत्रिक सांगतो, कारण माझे पैसे नेमके तिथे गेले. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवला. "उघडलंच आहे तर," मेस्त्री म्हणाले, "मागचं ऑइल सील बघून घेऊ." सील गेलेलं होतं. ते नीट बसवायचं तर इंजिन खाली घेतलेलं बरं. घेतलं. इंजिन उतरलंच आहे तर बोअर करून घेऊ. लेथवाल्याकडे ब्लॉक गेला, बोअर झालं, ओव्हरसाइज पिस्टन आले, रिंगा आल्या. हेड वाकलेलं निघालं म्हणून त्याचं फेसिंग झालं. इकडे इंजिनाची जागा रिकामीच आहे तर आतून रंग मारून घेऊ. मारला. तो इतका सुंदर झाला, की त्याच्या शेजारी बाकीची गाडी भिकारी दिसायला लागली. मग सगळाच रंग काढायला घेतला.

रंगाखाली लांबी होती. लांबी म्हणजे पत्र्यावरचा खड्डा बुजवायचा लेप. ठोकून पत्रा सरळ करायचा आणि राहिलेला पोचा लांबीनं भरायचा, अशी रीत आहे. आमच्याकडे काही ठिकाणी बोटभर जाड लांबी होती आणि तिच्या आत पत्राच नव्हता. मागच्या मडगार्डच्या भोकात कोणीतरी वर्तमानपत्राचा बोळा कोंबून त्यावर लांबी ओढली होती. कागद मराठी होता. सदरासारखं काहीतरी दिसत होतं, पण गंजानं लेखकाचं नाव खाल्लेलं. मी फार खोलात गेलो नाही. आपलं लिखाण कुठेतरी टिकून राहावं अशी इच्छा प्रत्येकाचीच असते.

मराठीत 'थोडं थांबा', 'होऊन जाईल', 'आपलंच समजा' अशी महागडी वाक्यं पुष्कळ आहेत. 'उघडलंच आहे तर' ह्याच्या जवळपास एकही जात नाही. ह्या तीन शब्दांवर माणसं स्वयंपाकघराचा ओटा काढता काढता घर पाडतात.

सुट्या भागांची कथा वेगळी. टॅक्स्या होत्या तोवर पद्मिनीचा स्पेअर पार्ट चणे-फुटाण्याच्या भावानं मिळे. टॅक्सीवाला हौशी नसतो, त्याला दुपारच्या आत गाडी स्टँडवर लावायची असते. त्याच्या घाईवर सगळा बाजार स्वस्त चालायचा. टॅक्स्या गेल्या आणि उरलो आम्ही, डोळ्यांत पाणी आणि खिशात पाकीट घेऊन फिरणारे. दुकानदारांना हे आमच्या आधी कळलं. नाना पेठेत तोच वॉटर पंप, तीच खोकी, त्यावरची धूळसुद्धा तीच. नुसतं 'जुना माल'चं 'व्हिंटेज' झालं आणि किमतीपुढे एक शून्य लागलं. शून्याचा शोध भारतात लागला, ह्याबद्दल मला तिथे शंका उरली नाही.

उजव्या दाराच्या हँडलसाठी मी जुन्या बाजारात बुधवार-रविवार चौदा महिने खेटे घातले. डावं मिळे. पोत्यानं डावीच मिळत. ह्या देशातल्या तमाम पद्मिन्यांची उजवी हँडलं कुठे गेली, ह्यावर एखादी चौकशी समिती बसायला हरकत नाही. आणि एका रविवारी, पितळी समया आणि बिनकाट्यांच्या घड्याळांच्या मधे, ते दिसलं. उजवं. क्रोम जागच्या जागी. मी भाव विचारला, तो मला महाग वाटला आणि मी पुढे जाऊन एक किसणी घेतली. घरी येईपर्यंत ह्यात काही चमत्कारिक आहे असं वाटलंही नाही.

मेस्त्रींवर मात्र मी रागावू शकलो नाही. ते कधीच नाही म्हणाले नाहीत. गणपतीनंतर देतो म्हणाले, मग पितृपक्षात नवी गाडी कशी देऊ म्हणाले, मग दसऱ्याला. पहिल्या दसऱ्याला आम्ही इंजिन नसलेल्या सांगाड्याला झेंडूचा हार घातला आणि तिथून लेथवाल्याकडे जाऊन इंजिनाची वेगळी पूजा केली. दोन नारळ फोडून एकाच गाडीची पूजा करणारे आम्हीच असू. एकदा मी आवाज चढवून बघितला. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मुंबई-गोवा हायवे २०११ पासून रुंद करतायत. त्यांच्याकडे जेसीबी आहेत. माझ्याकडे एक पोऱ्या आहे, आणि तोही गावाला गेलाय." ह्यावर मुख्यमंत्र्यांनाही उत्तर सुचणार नाही.

दुसऱ्या दसऱ्यानंतर ती एकदा रस्त्यावर आली. पुढच्या रविवारी सकाळी अकराला मी तिला कर्वे रस्त्यानं काढली. ऊन होतं. नळ स्टॉपला आलो आणि त्या नावातला उत्तरार्ध तिनं मनावर घेतला. उड्डाणपुलाखाली गाडी ठप्प. पंपात पेट्रोलची वाफ झाली होती, हे मला बाबांच्या कृपेनं कळलं. मी खाली उतरून ओल्या फडक्याच्या शोधात इकडे तिकडे बघतो तो भोवती मंडळी जमलेली. "आमच्याकडेही होती. एमएचएफ नंबरची." "आमच्या मामांची पांढरी होती, सहा वर्षं नंबर लावून मिळाली." "काय पत्रा होता हो तेव्हा!" पत्र्याबद्दल मी काही बोललो नाही. अकरा जणांनी मला आठवणी सांगितल्या. दोघांनी फोटो काढले. एका आजोबांनी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले. ढकलायला कोणी आलं नाही. शेवटी जेवणाचे डबे पोचवणारा एक मुलगा स्कूटर लावून आला आणि त्यानं एकट्यानं गाडी कडेला लावली. जाताना विचारलं, "काका, इम्पोर्टेड आहे का?" गाडीचा नकाशा इटलीचा हे खरंच होतं, म्हणून मी हो म्हणालो.

मेस्त्रींनी नंतर पंप उघडून आतला रबरी पडदा माझ्यासमोर धरला. फुगलेला, लिबलिबीत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं, शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं. हिच्या जन्माच्या वेळी रबराला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यातलं काही इथेनॉल उसाचं. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यानं ज्या ज्या ठिकाणी शिरायचं राहिलं होतं, त्यातलं शेवटचं ठिकाण माझा पेट्रोल पंप होता. मेस्त्री म्हणाले, "म्हातारपणी शुगर लागली साहेब हिला."

सरकारचाही हिच्याबद्दल एक पक्का विचार आहे. गाडी पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी तिची नोंदणी पुन्हा करायची आणि पर्यावरण कर भरायचा. नोंदणीचे ६०० रुपये एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,०००. मात्र २०२१च्या नियमाप्रमाणे गाडीनं पन्नाशी गाठली आणि मूळ रूप राखलं, की ती 'व्हिंटेज'. तिला वेगळी नंबरपट्टी, त्यात 'व्हीए' ही मानाची अक्षरं. फक्त रोज वापरायची नाही. म्हणजे आमची १९८६ची २०३६ साली वारसा होणार. तोवर भंगार. वीस ते पन्नासमधल्या माणसाशीही आपण असेच वागतो. कर त्याच्याकडून घ्यायचा आणि शाल-श्रीफळ पुढे कधीतरी. आणि हारतुरे मिळाले की मग काम सांगायचं नाही.

घरचा हिशेब बायको लिहिते. सुरुवातीला पद्मिनीचा खर्च 'वाहन' ह्या सदरात होता. वाहन चालत नाही म्हटल्यावर 'दुरुस्ती' झाला. दुरुस्ती होत नाही म्हटल्यावर काही महिने 'शिक्षण' होता. हल्ली तो 'धर्मादाय' खाली, अनाथाश्रमाच्या वर्गणीनंतर येतो. एकूण बेरीज तीन लाख ऐंशी हजार. हौसेला मोल नसतं, असं ज्यानं म्हटलं त्याच्या घरी हिशेबाची वही नसणार. ती मला कधी टाकून बोलली नाही, एवढंच परवा म्हणाली, "अहो, मांजरीला बाळंतपणाला तरी उपयोग झाला."

तर गाडी विकायला काढली. चिंचवडहून एक मुलगा आला, पंचविशीचा, संगणकातला. बरोबर त्याचे वडील. मुलानं आवरण अलगद बाजूला केलं, मांजरीला दुखवलं नाही, आणि दाराशी उकिडवा बसून त्या हँडल नसलेल्या भोकाकडे असा बघत राहिला, की मला माझा लेख आठवला. "काका, काय लाइन आहे ना हिची!" तो म्हणाला. मी म्हणालो, "गाडी सोन्यासारखी आहे. फक्त..." आणि थांबलो, कारण मुलाच्या पाठीमागे उभ्या वडिलांनी माझ्याकडे बघून हात जोडले होते. मान हलवून नको, नको म्हणत होते.

मी म्हटलं, विकायची नाहीये. मुलाला वाटलं मी भाव खातोय. त्यानं दहा हजार वाढवले. मी नाही म्हणालो. त्यानं आणखी वीस वाढवले. आयुष्यात कुठल्याही वस्तूची किंमत माझ्या नकारानं इतकी वाढलेली नव्हती. वडील आता डोळे मिटून उभे होते. मी शेवटपर्यंत ऐकलं नाही. जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि काही न बोलता बराच वेळ धरून ठेवला.

काल रात्री त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"नमस्कार. त्यानं दुसरी घेतली. नाशिकहून. डॉक्टरांची आहे म्हणतात."

मी काय बोलणार?

"टेम्पो सकाळी येतोय," ते म्हणाले. "तुमचे ते मेस्त्री आहेत ना, त्यांचा नंबर मिळेल का?"

मी वही न बघता सांगितला.