सुसवय आणि किल्लीस्टँड

घर बदलले की माणूसही बदलतो, ही समजूत नाशकात मुख्यत्वे वास्तुशांतीच्या दिवशी आढळते. सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर तिचा अंमल सुरू होतो आणि टेम्पोतून आलेली खोकी उघडून व्हायच्या आत संपतो. पहाटे पाचला उठणे, गंगापूर रोडला चालायला जाणे, जेवताना टीव्ही बंद ठेवणे आणि रविवारी मिसळ न खाणे या सवयी याच काळात जाहीर होतात. पहिल्या तीन आठवडाभर टिकतात. चौथी रविवारपर्यंत टिकते.

या सगळ्यांचा पाया मानली जाणारी सवय म्हणजे घरात शिरताच किल्ली जागेवर ठेवणे. तिला किल्लीस्टँड लागतो. तो विकत घ्यावा लागत नाही, आहेरात किमान दोन येतात. त्याचा आकारही बहुधा किल्लीचाच असतो, म्हणजे कोणाचा गैरसमज व्हायला नको. वर ‘होम स्वीट होम’ आणि खाली पाच हुक. घरात किल्ल्या दोन, हुक पाच. पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ उरलेल्या तीन हुकांत आहे.

पहिल्याच आठवड्यात एका हुकावर कापडी पिशवी येते. राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून भाजीला जाताना दिसावी म्हणून ती दारापाशी टांगतात. ती दिसतेही, भाजी घेऊन परत आल्यावर. दुसऱ्या हुकावर हेल्मेट चढते. तिसऱ्यावर गेल्या वर्षीची राखी, चार्जरची तुटकी वायर आणि लाइट बिल एकत्र नांदतात. मग किल्ल्यांच्या हुकांवरही छत्री आणि कुत्र्याचा पट्टा येतो, कुत्रा नसला तरी. किल्ली फ्रिजवर, देव्हाऱ्यामागे, धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात आणि एखाद्या वेळी कोथिंबिरीच्या जुडीबरोबर फ्रिजच्या आत सापडते. ‘किल्ली कुठंय?’ या प्रश्नाला ‘जागेवर बघ’ हे उत्तर ठरलेले आहे. जागा कोणती, यावर घरात एकमत नसते.

नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असे लंडनमधल्या एका अभ्यासात दिसले. तो २०१० मध्ये छापून आला. माणसागणिक ही मुदत १८ ते २५४ दिवस निघाली. भाडेकरार मात्र ११ महिन्यांचा असतो. २५४ दिवसवाल्या भाडेकरूला लागलेली सवय उपभोगायला जेमतेम अडीच महिने मिळतात, त्यातला एक नोटिशीचा.

सवयीला खूण लागते, असेही अभ्यासक सांगतात. नाशिककरांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. गोदाकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आले की कमरेपर्यंत, यावरून पुराचा अंदाज बांधायचा आणि खालचा माल वर चढवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यासाठी कोणी वहीत संकल्प लिहिला नाही. वाड्यात हीच सोय भिंतीत होती. दारामागे खुंटी, शेजारी कोनाडा. खुंटीवर टोपी, कोनाड्यात किल्ली आणि काडेपेटी. अंधारात हात जाईल तिथेच वस्तू असायची, आणि आजोबा शिस्तीचे म्हणून नावाजले जायचे. शिस्त आजोबांची नव्हती, भिंतीची होती.

फ्लॅटच्या भिंतीत कोनाडा बसत नाही, कारण तिला अंगच नसते. चार इंच वीट, त्यावर पुट्टी, त्यावर रंग, आणि रंगाला धक्का लागू नये म्हणून खिळा ठोकायची बंदी. म्हणून किल्लीस्टँड डबलटेपने चिकटवतात आणि हेल्मेटच्या ओझ्याने तो रात्री दोनला धाडकन खाली येतो. शेजारच्या फ्लॅटला मात्र ही बंदी लागू नसावी. तिथे चार महिने रोज दुपारी, नेमके डोळा लागताना, ड्रिल मशीन चालते. २०१६ च्या कायद्याने कार्पेट एरिया म्हणजे काय ते लिहून दिले, तरी बिल्डरने बोलताना आकडा सुपर बिल्टअपचाच सांगायचा. जिन्याचे, पॅसेजचे, लिफ्टच्या खड्ड्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी मारायचे. पाथर्डी फाट्यापलीकडच्या चिखलाला निसर्गाचे सान्निध्य म्हणायचे. ब्रोशरात पोहण्याचा तलाव आणि त्याच्या काठी गोरी बाई दाखवायची. आणि एवढे लाख ओतलेल्या माणसाला एक किल्ली ठेवायला वीतभर कोनाडा द्यायचा नाही! वर बेशिस्त ठरतो तो हाच माणूस, आणि त्याला सुधारायला रविवारी एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये सवयींची कार्यशाळा भरते. फी वेगळी, चहा त्यात धरलेला. कार्यशाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये काही जण गाडीच्या काचेला नाक लावून आत लटकणाऱ्या किल्लीकडे बघत उभे असतात.

नंतरचे टप्पे थोडक्यात सांगता येतात. लॅचचे दार वाऱ्याने लागते, किल्ली आत राहते, किल्लीवाल्याला बोलावले जाते. तो तीन डुप्लिकेट करून देतो. एक शेजारच्या काकूंकडे, एक वॉचमनकडे, एक ‘जागेवर’. काकू लेकीकडे पुण्याला गेल्या की डिजिटल लॉक बसते. नंबर चोराला ओळखता येऊ नये इतका अवघड ठेवतात, त्यामुळे तो घरच्यांच्याही लक्षात राहत नाही. मग तो कागदावर लिहून, छत्री बाजूला सारून, किल्लीस्टँडच्या हुकाला अडकवतात. किल्लीस्टँड दाराच्या आत असतो.