आरंभीच्या शून्याची बरखास्ती

अंकगणिताच्या न्यायासनासमोर उभे केल्यास संख्येच्या डाव्या अंगास बसलेले शून्य निरुपयोगी ठरते, हे मला मान्य आहे; परंतु जगातील यच्चयावत आकडे अंकगणिताच्या अमलाखाली येत नाहीत, ही गोष्ट एक्सेल नामक अत्युत्साही कारकुनास आजतागायत कोणी समजावून दिलेली दिसत नाही.

माझ्या मेहुण्याचे पुण्याच्या मार्केट यार्डात किराण्याचे दुकान आहे, आणि घरात निवृत्त मनुष्य असणे म्हणजे जमाखर्चाला बिनपगारी दिवाणजी लाभणे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असल्यामुळे जीएसटीच्या विवरणपत्राची सामग्री तपासण्याचे काम माझ्याकडे चालत आले. करखात्याच्या वर्गीकरणात चहा ०९०२, हळद ०९१०, तूरडाळ ०७१३, तांदूळ १००६ आणि गूळ १७०१ अशी जिनसांची क्रमवार प्रतिष्ठापना झालेली आहे. मेहुण्याने बिलांच्या यादीची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली, आणि पाहतो तो तांदूळ व गूळ आपापल्या हुद्द्यावर कायम; चहा मात्र ९०२, हळद ९१० आणि तूरडाळ ७१३! जिवंत जनावरांपासून दूध, भाजीपाला, फळे व मसाल्यांपर्यंत पहिल्या नऊ प्रकरणांत सामावलेली सारी सृष्टी, कसलीही चौकशी न होता, एका अंकाने पदच्युत झाली होती.

"दाजी, शून्याची किंमत शून्यच ना? उधारीच्या वहीत डावीकडे शून्य मांडून कोणी श्रीमंत झालेला मी तरी पाहिला नाही," असे मेहुणा म्हणाला. व्यापारी दृष्ट्या हा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु किमान चार अंक मागणाऱ्या सरकारी दप्तराला तीन अंकी चहा ठाऊक नसतो.

बरे, या कारकुनास शून्याचा तिटकारा आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. कारण पंधरांहून अधिक अंकांचा खातेक्रमांक हाती पडला, की सोळाव्या अंकापासून पुढचे खरे अंक खोडून त्या जागी हा गृहस्थ पदरची शून्ये मुक्तहस्ते बसवतो. आपल्या पिनकोडाला आरंभीचे शून्य गळण्याच्या आपत्तीचा स्पर्श नाही, कारण १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या योजनेचे जनक, संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर, यांच्या रचनेत पहिला अंक कधी शून्य नसतोच. न्यू जर्सीतील प्रिन्स्टनला स्थायिक झालेल्या भाचीचा ०८५४० मात्र लग्नपत्रिकांच्या यादीत हटकून ८५४० होतो.

गंमत अशी, की मूळ सीएसव्ही फाइलीत शून्य सुखरूप असते. नोटपॅडमध्ये ती उघडल्यास त्याचे दर्शनही घडते. एक्सेल ते उघडताना गिळते, आणि आपण 'सेव्ह' केले, की त्या गिळण्यावर आपली मोहोर उमटते. नंतर स्तंभाला 'टेक्स्ट' म्हटल्याने गेलेले शून्य परतत नाही. आणि '००००' असा फॉरमॅट दिल्यास ते दिसते, पण असत नाही.

म्हणून वाचकांस विनंती, की ज्या आकड्यांची बेरीज किंवा सरासरी काढण्याचा विचार स्वप्नातही येणार नाही, ते आकडे नसून नावे आहेत असे समजावे. फाइल थेट न उघडता 'डेटा' मेनूतील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' या मार्गाने आणावी, तेथेच त्या स्तंभाचा प्रकार 'टेक्स्ट' ठरवावा, आणि मूळ फाइल निराळी जपून ठेवावी.