शून्य रुपयांत घासाघीस

खरेदीच्या वेळी मराठी माणसाला भावाचा मोठा आधार असतो. वस्तू महाग असेल तर ‘नुसते नावाचे पैसे’ म्हणून दुकानाबाहेर पडता येतं, स्वस्त असेल तर ‘टिकायची नाही’ म्हणून. मी मात्र आट्यापाट्यांचा व्हिडिओ गेम करायचं घरात जाहीर केलं, इंजिन शोधायला बसलो आणि पाहतो तर सगळ्यांचा भाव एकच. गोडॉट फुकट, लव्ह फुकट, जीडेव्हलप फुकट, पायगेम फुकट, बेव्ही फुकट. वर सोर्स कोडही खुला. ‘काय ते नक्की सांगा’ म्हणायला समोर कोणी नाहीच.

इंजिन म्हणजे खेळातली हमाली करणारा सांगाडा. चित्रं हलवणं, कोण कोणाला धडकलं ते ओळखणं, आवाज वाजवणं ही त्याची कामं. अकरावीतल्या भाच्याने मला समजावलं, “मामा, एमआयटी लायसन्स आहे. तू खेळ विकून बंगला बांधलास तरी गोडॉटवाले एक पैसा मागणार नाहीत.” फुकट देणारा नंतर काहीतरी मागतोच, अशी मला शंका. त्यावर त्याने उलट युनिटीचीच गोष्ट ऐकवली. युनिटी हे इंजिन खुलं नाही, कंपनीच्या मालकीचं आहे. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांनी ठरावीक मर्यादेपुढे खेळाच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं, जगभर ओरड झाली आणि वर्षभराने ते शुल्क रद्द करावं लागलं. तेवढ्या काळात कितीतरी जण बिऱ्हाड उचलून गोडॉटकडे आले. ‘टेरारिया’ खेळ करणारी रीलॉजिक स्वतः गोडॉट वापरत नव्हती, तरी त्या संतापात तिने गोडॉटला एक लाख डॉलर देणगी दिली. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसून खरेदी होते का?

मग सल्लागार जमले. प्रत्येकाच्या खिशात एकेक यशोगाथा. लव्हवाल्याने सांगितलं, 2024 चा ‘बलाट्रो’ हा खेळ लव्हवरच केलाय. (रात्री साडेअकराला मी ‘लव्ह डाउनलोड करतोय’ असं बायकोला सांगितलं, त्याचा तपशील इथे नको.) जावावाल्याने सांगितलं, ‘स्ले द स्पायर’ जावातल्या लिबजीडीएक्सवर झाला. मला यातून एवढंच कळलं की ज्यांना खेळ करता येतो ते कशावरही करतात. आणि माझा खेळ तो काय? आट्यापाट्यांत पाटी धरणारा आपली पाटी सोडत नाही. म्हणजे रेघेवर डावी-उजवीकडे सरकणारा एक ठोकळा. हे पायगेमलाही झोपेत जमेल. तरीही कोणाचं इंजिन सावल्या जास्त खऱ्या पाडतं, याचा मी कसून अभ्यास केला. ठोकळ्याची सावली ठोकळ्यासारखी असते.

गोडॉटच्या नावानेही मला काही दिवस अडवलं. आर्जेंटिनाच्या ह्वान लिनिएत्स्की आणि आरिएल मांझूर यांनी ते घडवलं आणि 2014 साली सर्वांना खुलं केलं. नाव घेतलं बेकेटच्या नाटकावरून. ज्याची वाट पाहायची तो नाटक संपेपर्यंत येत नाही, हे आपल्याकडचा प्रायोगिकवाला कोणीही सांगेल. इंजिनाचं असं नाव ठेवणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी, की दुसरीकडे बघावं?

शेवटी मला खोट काढायची जागा सापडली, आणि तीही मराठीतच. खेळाचं नाव पडद्यावर देवनागरीत हवं. गोडॉटची तिसरी आवृत्ती जुन्या लॅपटॉपवर होतीच. तिच्यात ‘आट्यापाट्या’ लिहिलं, तर दोन्ही ट पाय मोडून उभे आणि शेजारी अख्खा य. ‘विजयी’ लिहिलं, तर पहिली वेलांटी व सोडून ज वर जाऊन बसली: वजियी. लव्हच्या अकराव्या आवृत्तीतही तोच प्रकार. अक्षरं एकापुढे एक मांडली की झालं, असा हिशेब. देवनागरीत आधी आकार जुळवावे लागतात, वेलांटी मागे न्यावी लागते, हे कोणी त्यांना सांगितलेलंच नाही. ‘हुतुतू’ मात्र धडधाकट उमटला. खेळच बदलावा का, असा विचार क्षणभर चाटून गेला. भाच्याला मी विजयी मुद्रेने, म्हणजे वजियी मुद्रेने, सांगितलं, “बघ, फुकटचं आहे ना!”

त्याने काही न बोलता चौथी आवृत्ती उघडली. मार्च 2023 मध्ये आलेल्या या आवृत्तीत अक्षरजुळणीचं सगळं काम नव्याने केलेलं आहे. ‘आट्यापाट्या’ शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं उमटलं. जीडेव्हलपनेही नीट लिहिलं, कारण तिथे अक्षरं ब्राउझरच जुळवतो आणि ब्राउझरला मराठी येतं. आता नावं ठेवायलाही जागा उरली नाही. मी गोडॉट घेतलं. ‘घेतलं’ म्हणजे काय, ते होतंच समोर.

“आता फॉन्ट निवड,” भाचा म्हणाला. मुक्ता, बालू, हिंद, कलम, तिरो. शिवाय ‘यात्रा वन’, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला.

“केवढ्याला?” मी विचारलं.

“मामा, सगळे फुकट आहेत.”